आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला

शेतीखात्यातल्या माणसाने संगणकावर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण हे यंत्र आता आपल्या ओसरीवर येऊन बसले आहे. सातबारा त्यावरून निघतो, पीकविम्याचा अर्ज त्यावरून जातो आणि मुलामुलींचा अभ्यास तर त्यावाचून अडतोच. घरी बैल असला की त्याच्या दुखण्याखुपण्याची थोडीफार जाण घरधन्याला असावी लागते. शिंक आली म्हणून दर वेळी दवाखाना गाठता येत नाही. या यंत्राचेही तसेच झाले आहे.

त्यातही सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक असेल तर ही जाण अधिकच हवी. असा संगणक आपल्या गरजेप्रमाणे बनवता येतो, पुढेमागे एखादा भाग बदलून वाढवताही येतो. पण प्रत्येक भागाची हमी ज्याच्या त्याच्या कंपनीची. सगळ्यांनी मिळून नीट चालण्याची हमी मात्र ज्याने जुळणी केली त्याचीच. बिघाड झाला की सगळी बोटे त्याच्याकडे वळतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी ती बोटे माझ्या भाचीकडे वळली होती.

भाची म्हणजे आमच्या थोरल्या ताईची मुलगी. ती शिक्षणासाठी नागपुरात आमच्याकडे राहते. स्थापत्य अभियांत्रिकीचे तिचे शेवटचे वर्ष होते. ताईचे घर काटोल तालुक्यात. संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी-तूर, एवढ्यावर संसार. मृग बहाराचा पैसा हाती आला तेव्हा भाऊजींनी त्यातून ४२,००० रुपये काढून पोरीला दिले. बागाइतदाराच्या हातून एवढी रक्कम खताऐवजी यंत्राकडे वळते, तेव्हा तिच्यामागे किती विचार झाला असेल ते वाचकांना वेगळे सांगायला नको. पोरीने सीताबर्डीच्या दुकानांतून एकेक भाग निवडून आणला आणि सतरंजीवर बसून एका संध्याकाळी संगणक उभा केला. मार्च महिना आणि अर्धा एप्रिल तो घड्याळासारखा चालला.

मग दुखणी सुरू झाली. कधी सकाळी बटण दाबले की आतले पंखे फिरत, पण पडदा काळाच. कधी भर दुपारी नकाशा काढता काढता यंत्र एकदम गप्प होई. कधी संध्याकाळी आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होई, आणि जतन न केलेले काम जाई. प्रकल्पाचे नकाशे सादर करायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते.

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एका दुकानात यंत्र न उघडताच सांगण्यात आले, की मदरबोर्ड गेला, नवा घ्या. वर्गातला एक मित्र म्हणाला, विंडोज पुसून पुन्हा टाक. दुसरा म्हणाला, मेमरी बदल. शेजारच्या मुलाचे मत पडले, की पॉवर सप्लाय मोठा हवा. चार वैद्य आणि चार औषधे! भाऊजींचा फोन आला तो निराळाच. म्हणाले, "ते मशीन वापस देऊन टाक म्हणा तिले. पोरीच्या हातचं काम आहे का ते? आमचंच चुकलं."

पोरगी त्या रात्री जेवली नाही. पैशापेक्षा बापाचे ते शेवटचे दोन शब्द तिला लागले होते.

मला संगणकाची विद्या नाही. मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस. पण तीस वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर उभे राहून एक गोष्ट शिकलो आहे. लक्षण एक असते, कारणे अनेक असतात. कपाशीवर लाल्या आला म्हणून शेतकरी पान घेऊन येतो. पान लाल झाले ते मॅग्नेशियम कमी पडल्याने, नत्र कमी पडल्याने, तुडतुड्यांनी रस शोषल्याने, पाण्याच्या ताणाने की रात्रीच्या थंडीने, हे शेत पाहिल्याशिवाय कसे सांगणार? न पाहता चार औषधे एकत्र करून फवारली तर पैसा जातो, आणि पीक सुधारलेच तर कशाने सुधारले तेही कळत नाही. आपल्याकडे म्हणच आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मी भाचीला म्हणालो, "एकही भाग विकत घ्यायचा नाही. आधी वही कर. यंत्र बिघडले की वेळ, खोलीचे तापमान, तेव्हा तू काय करत होतीस, घरात दुसरे काय चालू होते आणि ते नेमके कसे बंद पडले, एवढे पाच रकाने भरायचे. सहा दिवस."

"मामा, सहा दिवस गेले तर माझ्याजवळ नऊच उरतात."

"पेरणी आठ दिवस उशिरा झाली तर चालते, पण बी चुकले तर वर्ष जाते," मी म्हणालो. तिने वही केली. मधल्या काळात दर दहा मिनिटांनी काम जतन करायचे आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, हेही ठरले.

वही भरत होती तोवर आम्ही दोघांनी बटण दाबल्यावर आत काय होते ते समजून घेतले. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. पॉवर सप्लायचा डबा तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करतो, आणि ती स्थिर झाली की मदरबोर्डाला तशी खूण देतो. मग प्रोसेसर जागा होतो. जागे झाल्यावर त्याने काय करायचे ते सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याला बायोस म्हणतात; हल्लीच्या बोर्डांवर त्याच्याच पुढच्या रूपाला यूईएफआय असे नाव आहे. हा प्रोग्रॅम मेमरी तपासतो, पडद्याला चित्र पुरवणारा भाग तपासतो, डिस्क शोधतो आणि शेवटी डिस्कवरच्या विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवतो. या साऱ्याला मिळून बूट होणे म्हणतात.

म्हणजे हे ओलितासारखेच झाले. विहीर, मोटर, पाइप, पाट आणि मग वाफा. वाफ्यात पाणी पोहोचले नाही म्हणून कुणी सरळ मोटर बदलत नाही. पाणी कुठपर्यंत आले ते चालत जाऊन पाहतो. पंखेच फिरले नाहीत तर दोष विजेत शोधायचा. पंखे फिरले पण पडदा काळा राहिला तर मेमरी, प्रोसेसर किंवा चित्राच्या भागात. मदरबोर्डाचे नाव दिसले पण पुढे विंडोज आले नाही तर डिस्क आणि तिची केबल पाहायची. पुष्कळ बोर्डांवर यासाठी बारीक दिवेही असतात. जी तपासणी अडली असेल तिचा दिवा पेटून राहतो. काही बोर्ड शिट्ट्या वाजवून सांगतात. कोणत्या शिट्टीचा काय अर्थ ते बोर्डासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

सहा दिवसांनी वही घेऊन बसलो, आणि एका दुखण्याची तीन दुखणी झाली.

पहिले सकाळचे. पडदा काळा राहिला त्या दोन्ही दिवशी मेमरीचा दिवा पेटलेला होता. भाचीने प्लग काढला, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण एकदा दाबून सोडले, धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष जपावे लागते, कारण सिंथेटिक कपड्यांची एखादी ठिणगी नाजूक चिपला पुरते. मग मेमरीच्या दोन्ही पट्ट्या तिने बाहेर काढल्या. एक पट्टी एका बाजूने केसभर वर राहिली होती. सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसली, चुरा झटकला आणि 'टक्' असा आवाज येऊन खटका बसेपर्यंत पट्टी दाबली. आधी एकच पट्टी लावून यंत्र सुरू केले, मग दुसरी एकटी, मग दोन्ही. रात्री मेमटेस्ट८६ नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम चालू ठेवला. त्यात एक जरी चूक निघाली तरी मेमरीबद्दल संशय धरावा लागतो. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते. शून्य पाहून एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहिला.

दुसरे दुपारचे. वहीत स्पष्ट दिसत होते, की यंत्र गप्प होते ते दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान, तेही इमारतीचे त्रिमिती चित्र तयार करण्याचे जड काम चालू असताना. आणि गप्प झाले की चार-पाच मिनिटे पुन्हा सुरू होण्याचे नाव नाही. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, आत ४१ अंश. नागपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायचे तर, मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

इथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. प्रोसेसरवरचा पंखा प्रोसेसरला थंड करतो तो खोलीच्या हवेने. हवेपेक्षा थंड तो करूच शकत नाही. पूर्ण कामात प्रोसेसर हवेपेक्षा ५५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ८० वर राहील आणि ४१ अंशांच्या खोलीत ९६ वर जाईल. बहुतेक प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढली तर यंत्र बंद पडते. मार्चमध्ये झाकून राहिलेला दोष मेमध्ये उघडा पडतो तो असा. उथळ जमिनीतले झाड पावसाळ्यात हिरवे दिसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात माना टाकते, तशातला प्रकार.

तापमान दाखवणारा एक फुकट प्रोग्रॅम लावून पाहिले. जड काम सुरू होताच दोन मिनिटांत आकडा ९९. कॅबिनेट उघडले तेव्हा कारण समोर होते. प्रोसेसरवरचा पंखा चार खुंट्यांनी मदरबोर्डात अडकतो. त्यातली एक खुंटी नुसती टेकलेली होती, बसलेली नव्हती. पंखा एका कोपऱ्यात उचलला गेला होता. भाचीने तो उतरवला, जुना पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला, तुरीच्या दाण्याएवढा नवा पेस्ट मधोमध ठेवला आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने बसवल्या. बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आली की नाही ते पाहिले. त्याच दुपारी, त्याच खोलीत, त्याच कामात आकडा ८३ वर थांबला. खर्च पेस्टच्या नळीचा.

तिसरे संध्याकाळचे. हे मात्र वहीशिवाय सापडलेच नसते. विंडोज आपल्या नोंदवहीत बिघाडाची खूण ठेवते. भाचीने ती उघडून पाहिली. दुपारच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही बिघाडांना तिथे एकच नोंद होती, कर्नल-पॉवर ४१. ही नोंद पाहून पुष्कळजण पॉवर सप्लाय बदलतात. पण तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता बंद झाले. का झाले, ते ती सांगत नाही. आमच्या वहीत मात्र पाचव्या रकान्यात फरक होता. दुपारी यंत्र बंद पडून राही, संध्याकाळी ते लगेच आपोआप सुरू होई. आणि चौथ्या रकान्यात तीनही वेळा लिहिले होते, 'मामींनी पाण्याची मोटर लावली.'

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि त्या वायरिंगवरचा दाब खाली येतो. शेतातल्या मोटरीला कळ दाबली की घरातला दिवा मिणमिणतो, तेच हे. चांगला पॉवर सप्लाय असा झटका सहसा सहन करतो. मग आमचा का करीत नव्हता? संगणक एका जुन्या एक्स्टेंशन बोर्डवर होता. प्लग उपसला तर एक पिन तपकिरी झालेली आणि भोकाच्या कडेचे प्लास्टिक करपलेले. सैल जोड! कूलरही त्याच बोर्डवर. आम्ही तो बोर्ड फेकून दिला, संगणकाला भिंतीतल्या घट्ट तीन पिनांच्या सॉकेटवर घेतले आणि मध्ये एक छोटा यूपीएस टाकला. त्यानंतर मोटर किती वेळा लागली तरी यंत्र हलले नाही.

तीन दुखण्यांपैकी एकाही दुखण्याला नवा मदरबोर्ड लागला नाही. तो घेतला असता तर पंखा नव्याने बसवताना खुंटी कदाचित नीट बसली असती, दुपारचा त्रास गेला असता, आणि सगळे म्हणाले असते, बघा, बोर्डच गेला होता. संध्याकाळचा त्रास मात्र तसाच राहिला असता. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि मग थांबून पाहावे. आम्ही शेतकऱ्यांना नवे औषध सुचवतो तेव्हा सांगतो, की दोन तास विनाफवारणीचे सोडा, म्हणजे फरक कळेल. यंत्रालाही तीच शिस्त लागू आहे.

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी सांगतो. नवीन जुळवलेला संगणक अजिबात सुरू होत नसेल तर प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा वेगळा प्लग लावला आहे का ते आधी पाहावे. मोठा प्लग लावून हा विसरणारे पुष्कळ असतात. पंख्याच्या तळाला चिकटलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढला का, मदरबोर्डाखाली एखादा पितळी टेकू भलत्या जागी राहून शॉर्ट तर करत नाही ना, हेही पाहावे. तरीही नाही सुरू झाला तर सगळा पसारा सोडवून मदरबोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एकच मेमरी आणि पॉवर सप्लाय एवढ्यावर यावे. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर तेवढे ग्राफिक कार्ड ठेवावे. एवढ्यावर पडदा उजळला की एकेक भाग जोडत जावे. ज्या भागाने पुन्हा अंधार होईल तो चोर.

तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला असे समजावे. मेमरीचा वेग वाढवणारी सोय बायोसमध्ये चालू असेल आणि यंत्र मधूनच कोसळत असेल, तर ती बंद करून काही दिवस पाहावे. कूलरच्या झोतासमोर संगणक ठेवू नये. ताट्यांमधून ओल आणि क्षारांचे बारीक तुषार येतात, त्यांनी जोड गंजतात. कॅबिनेटच्या जाळ्या महिन्याकाठी झटकाव्यात.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार खेड्यांत फार ऐकू येते. तिथे बहुधा अर्थिंग नसते किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर त्यात पाणी घालावे आणि जाणत्या वायरमनकडून ते तपासून घ्यावे. हा संगणकापेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि पॉवर सप्लायचा डबा स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

भाचीचे नकाशे मुदतीच्या दोन दिवस आधी सादर झाले. भाऊजी निकालानंतर नागपूरला आले तेव्हा तिने ती वही त्यांच्यापुढे ठेवली. मीही सांगितले, की सुटे भाग जुळवणे हे हलके काम समजू नका. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर नागपुरातच इंजिनीअर झाले. अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. तोही बाहेरून मिळणारे छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. भाऊजींनी ते ऐकले न ऐकले. ते वही वाचत होते. एकेका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी सहाही दिवस वाचले आणि वही पोरीच्या हाती परत दिली. बोलले काही नाहीत.

आठ दिवसांनी गावाहून फोन आला. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर मधूनच ट्रिप होतो म्हणाले. वायरमन नवा स्टार्टर घ्यायला सांगतो आहे.

"मग घेतला का?" मी विचारले.

"नाही घेतला. चार दिवस कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं आहे. वेळ, व्होल्टेज, शेजारची मोटर चालू होती का बंद होती, सारं," भाऊजी म्हणाले. "पोरीले विचारा, कधी येते ते पाहायले."